बहिणाबाईंचं वासरू : आत्मकथन ‘साधन’ म्हणून कसं वाचायचं?

खुलताबाद म्हटलं की औरंगजेबाची कबर आणि दर्गे आठवतात. पण तुम्हाला आत्मकथनांवर काम करायचं असेल, तर याच तालुक्यातल्या वेरूळजवळचं देवगाव लक्षात ठेवा. संत बहिणाबाई (सुमारे १६२८–१७००) मूळच्या तिथल्या. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या.

बहिणाबाईंनी अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलं. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. बालवयात खूप मोठ्या बिजवराशी लग्न, कर्जापायी सुटलेलं गाव, मग भटकंती. कोल्हापुरात एका वासराचा लळा लागला. ते वासरू कीर्तनालाही सोबत. त्यावरून नवऱ्याची मारहाण झाली आणि पुढे वासरू गेलं. त्या धक्क्यात त्यांना तुकाराम महाराज स्वप्नात दिसले. ब्राह्मण घरातल्या बाईने कुणबी गुरू मानला!

आता संशोधक काय करतो? पुढे देहूला त्यांनी जे पाहिलं, मंबाजीने दिलेला त्रास, हे सगळं तो पुरावा म्हणून उचलतो, कारण तुकारामांच्या समकालीन व्यक्तीचं कथन दुर्मीळ. पण अखेरच्या दिवसांत मुलाला, विठोबाला, सांगितलेले मागचे बारा जन्म? ते बाजूला राहतात. मी विज्ञान शाखेतून आलेली. ‘पडताळता येत नाही ते वगळा’ ही सवय मला चांगलीच ठाऊक आहे.

इथे प्रश्न बदलून बघा. ‘हे खरंच घडलं का?’ याच्या जोडीला ‘हे सांगून त्यांनी काय जुळवलं?’ असंही विचारा. बाईचा जन्म म्हणून वेदांचा अधिकार नाही, ही खंत त्यांच्या अभंगांत आहे. ब्राह्मण कोणाला म्हणायचं हे विचारणारी ‘वज्रसूची’ त्यांनीच मराठीत आणली. तुटलेलं गाव, गेलेलं वासरू, नाकारलेला अधिकार यांना एका धाग्यात ओवायला एक जन्म पुरत नव्हता, असं मला वाटतं. म्हणजे बारा जन्मांची कथा घटनांचा पुरावा नसेल, पण अर्थ लावण्याचा पुरावा नक्कीच आहे.

म्हणून टिपणं काढताना वहीत चार रकाने करा : घटना, तिला दिलेला अर्थ, सांगतानाचं वय आणि ऐकणारा कोण. पहिला रकाना इतर साधनांशी ताडून बघा. उरलेले तीन मात्र त्या माणसाशिवाय दुसरं कोणीच देऊ शकत नाही.