आजीच्या पोटातले तुम्ही

समजा, तुमचा जन्म 1988 सालचा. आपण मात्र 1962 मध्ये उतरतोय. तुमची आजी चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. तिला पाचवा महिना सरत आलाय, पोटात तुमची आई आहे, जेमतेम वीतभर.

आत शिरा. एवढ्याशा आईच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख बीजपेशी तयार आहेत. त्यांतली एक तुमची. तिच्यापाशी जरा थांबा. आजीकडून आलेली आणि आजोबांकडून आलेली गुणसूत्रं जोडीजोडीनं एकमेकांना बिलगली आहेत. जागोजागी ती तुटतात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि पुन्हा सांधली जातात. आजोबांचं काय आणि आजीचं काय तुमच्यापर्यंत पोचू शकेल, ते पत्ते इथंच पिसले जाताहेत. मग सगळं थांबतं. ओल्या लाकडांच्या धुरानं डोळे पुसणाऱ्या आजीला याचा पत्ताही नाही.

पुढची पंचवीस वर्षं भरभर ओलांडा. आई जन्मते, शाळेत जाते, तिचं लग्न होतं. लाखो बीजं विरून जातात. तुमचं तेवढं अर्ध्यावर थबकून टिकतं. 1987 मध्ये एके दिवशी ते बाहेर पडतं. गर्भनलिकेत त्याला गाठणारी वडिलांची शुक्रपेशी अगदीच नवी, अडीच-एक महिन्यांपूर्वी घडायला लागलेली. ती आत घुसते तेव्हा कुठे स्त्रीबीज आपलं रेंगाळलेलं विभाजन पुरं करतं. तेवीस आणि तेवीस, सेहेचाळीस. तुम्ही.

साधारण सहाव्या दिवशी तुम्ही गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागता. बावीस दिवस होतात आणि हृदयाची नळी हलू लागते. आईची पाळी चुकून आठवडा झालाय. दगदगीनं झालं असेल, असं ती म्हणते. इकडे तुमच्या पाठीवर पेशींची एक पट्टी दोन्ही कडांनी उचलली जातेय. कडा मध्यभागी भेटतात, चिकटतात, मग सांधा वर डोक्याकडे आणि खाली सरकत जातो. ही मज्जानलिका, मेंदू आणि मज्जारज्जू हिच्यातूनच होणार. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना मिटायला हवी. वर उघडी राहिली तर मेंदू घडत नाही, खाली राहिली तर मणक्यात व्यंग राहतं. तुम्ही आहात अवघे चार मिलिमीटर, शेपटीसकट!

नंतर शेपटी जिरते, बोटं सुटी होतात, त्यांवर ठसे उमटतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण. आई झोपाळ्यावर, पुढ्यात झाकलेल्या दोन वाट्या, पेढा की बर्फी? बायका हसताहेत आणि तो गलका आता तुमच्याही कानांवर पडतोय. खरं तर निकाल पहिल्याच दिवशी लागला: वडिलांच्या शुक्रपेशीत एक्स होतं की वाय, एवढ्यावर. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवांनी हे एकदा नीट ऐकावं.

जन्माच्या वेळी फुप्फुसांतलं पाणी हटतं, हवा शिरते, तुम्ही टाहो फोडता. पेढे वाटले जातात ते या दिवसाचे.

तुमच्या घरात कुणी बाळाचा विचार करत असेल, तर फॉलिक ॲसिडच्या गोळीसाठी पाळी चुकायची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारून किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम सुरू करा. मज्जानलिकेला ती लागते चौथ्या आठवड्याच्या आतच.