जठरातील चेता-अंतःस्रावी अर्बुदे : अस्तरातील कर्करोगपूर्व बदल

जठराच्या अस्तरातील अंतःस्रावी पेशींपासून चेता-अंतःस्रावी अर्बुदे (गाठी) उद्भवतात. या गाठी असलेल्या बऱ्याच रुग्णांत गाठीभोवतालच्या अस्तरातही पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारे बदल आढळतात. पूर्वी या गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हणत.

प्रकार : या गाठींचे तीन मुख्य प्रकार आहेत. सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात अस्तर झिजलेले असते. दुसऱ्यात गॅस्ट्रिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठीमुळे आम्ल अतोनात वाढते व अस्तर जाड होते. तिसऱ्यात भोवतालचे अस्तर बहुधा निरोगी असते. मात्र ही गाठ इतर अवयवांत लवकर पसरते. कर्करोगपूर्व बदलांचा प्रश्न प्रामुख्याने पहिल्या प्रकारात येतो.

कारणमीमांसा : पहिल्या प्रकाराच्या मुळाशी स्वप्रतिरक्षाजन्य जठरशोथ असतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा जठराच्या वरच्या व मधल्या भागातील आम्लस्रावी पेशी नष्ट करते. आम्ल घटल्यामुळे जठराच्या खालच्या भागातील पेशी गॅस्ट्रिन सतत स्रवत राहतात. गॅस्ट्रिनच्या अखंड उत्तेजनाने हिस्टामीन स्रवणाऱ्या पेशींची संख्या वाढते. त्या आधी रांगेने, मग सूक्ष्म पुंजक्यांत दिसतात. पुंजका ०.५ मिमी.पेक्षा मोठा झाला की त्याला अर्बुद म्हणतात.

अस्तरातील बदल : गाठ बनवणाऱ्या पेशींबरोबर अस्तराच्या पृष्ठपेशी व ग्रंथीही बदलतात. ग्रंथी झिजतात आणि त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात. याला आंत्रीय मेटाप्लेशिया म्हणतात. तो लहान आतड्याशी मिळताजुळता असेल तर धोका कमी, मोठ्या आतड्याच्या वळणाचा असेल तर अधिक. पुढची पायरी डिसप्लेशियाची. तीत पेशींची रचना बिघडते व तिच्यातून ॲडेनोकार्सिनोमा हा जठराचा नेहमीचा कर्करोग होऊ शकतो. जठरशोथापासून कर्करोगापर्यंतची ही साखळी पेलायो कोरेआ यांनी मांडली. प्रत्येक रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत जातोच असे नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूचा संसर्ग असल्यास धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगकारक ठरवले.

निदान : दुर्बिणीने तपासताना केवळ गाठीचा तुकडा घेणे अपुरे ठरते. सिडनी पद्धतीनुसार जठराच्या खालच्या भागातून दोन, वळणावरून एक आणि मधल्या भागातून दोन नमुने घेतात. झिजलेल्या अस्तरामुळे बी-१२ जीवनसत्त्व व लोह नीट शोषले जात नाही, म्हणून रक्तातील गॅस्ट्रिनबरोबर बी-१२, लोह व आम्लस्रावी पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये मोजतात. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही गॅस्ट्रिन वाढते. त्यामुळे औषधांची माहिती घेऊनच अहवाल वाचावा लागतो. भारतात शाकाहारामुळे बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे तिच्यामागचा जठरविकार नजरेतून सुटू शकतो.

उपचार व पाठपुरावा : पहिल्या प्रकारच्या गाठी बहुधा लहान, अनेक व संथ वाढणाऱ्या असतात. त्या दुर्बिणीतून काढता येतात. अगदी लहान गाठींवर केवळ लक्ष ठेवले तरी चालते. गाठ काढल्याने झिजलेले अस्तर पूर्ववत होत नाही व गॅस्ट्रिनही उतरत नाही. त्यामुळे साधारणतः एक-दोन वर्षांनी पुन्हा दुर्बीण तपासणी करतात आणि तीत नव्या गाठींइतकेच उरलेल्या अस्तराकडेही लक्ष देतात. जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके व कमतरतेप्रमाणे बी-१२ आणि लोह देतात.