सामुराई इतिहास आणि व्हॅम्पायर भयकथा : शिमाबारा उठावाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :
ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील क्रूसाला भिणारा व्हॅम्पायर ख्रिस्ती युरोपच्या श्रद्धाविश्वातून घडलेला आहे. असे पात्र सामुराईंच्या जपानमध्ये आणताना लेखकांनी इतिहासाचा कोणता आधार घेतला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१५४९ मध्ये गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर कागोशिमा येथे पोहोचले आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारास प्रारंभ झाला. तोकुगावा शोगुनशाहीने १६१४ मध्ये या धर्मावर देशव्यापी बंदी घातली. जाचक करवसुली व धार्मिक छळ यांमुळे १६३७ मध्ये शिमाबारा आणि अमाकुसा येथील शेतकरी व रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई, यांनी उठाव केला. किशोरवयीन अमाकुसा शिरो हा त्यांचा नेता होता. १६३८ मध्ये हारा किल्ला पडला. शिरोसह हजारो बंडखोर मारले गेले. तथापि, कुशासनाबद्दल शिमाबाराचा सरंजामदार मात्सुकुरा कात्सुइए यालाही शोगुनशाहीने देहदंड दिला. शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे निराधार नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

कथात्म रूपांतर :
योकोमिझो सेइशी यांनी 'दोकुरो केंग्यो' (१९३९) या कादंबरीत ड्रॅक्युलाचे कथानक एदो काळात नेले. तिच्यातील रक्तपिपासू खलपुरुष अखेरीस अमाकुसा शिरो असल्याचे उघड होते. नाकागावा नोबुओ यांच्या 'ओन्ना क्युकेत्सुकी' (१९५९) या चित्रपटाची कथा आधुनिक काळात घडते. परंतु त्यातील व्हॅम्पायरचे मूळही अमाकुसा घराण्याशी जोडलेले आहे. यामादा फुतारो यांच्या कादंबरीवर आधारित, फुकासाकु किंजी दिग्दर्शित 'माकाई तेन्शो' (१९८१) मध्ये पुनर्जीवित शिरो मियामोतो मुसाशीसारख्या मृत योद्ध्यांना उठवितो आणि याग्यू जुबेई त्यांच्याशी लढतो. ही पात्रे काटेकोर अर्थाने व्हॅम्पायर नसली, तरी सूडासाठी परतणाऱ्या मृताची कल्पना तीच आहे.

निष्कर्ष :
स्टोकर यांच्या कथेत क्रूस रक्षण करतो. येथे क्रूस धारण करणाराच पिशाच्च होतो. परकीय धर्माला संकट मानणारी शोगुनशाहीची दृष्टी या कथांत नकळत टिकून राहिली आहे. शिरोचे परतणे अन्यायाची आठवण जागवते, हे खरे. परंतु करभाराने पिचलेला शेतकरी मात्र कथेतून नाहीसा होतो. सामूहिक उठावाचे रूपांतर एका मृताच्या वैयक्तिक सूडात होते. म्हणून अशा साहित्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना, कोण परत आले याबरोबरच कोण परतले नाही, हेही अभ्यासकाने तपासणे आवश्यक ठरते.