आखाड्यातील नेमबाजीच्या संगणक-खेळांचा ऱ्हास

संगणकावरील नेमबाजीच्या खेळांत 'अरीना शूटर' ह्या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार आहे. बंदिस्त आखाड्यात खेळाडू परस्परांवर तुटून पडतात. मेलेला क्षणार्धात पुन्हा अवतरतो. शस्त्रे व कवचे ठराविक जागी प्रकट होतात व ती धावत जाऊन मिळवावयाची असतात. १९९३ च्या 'डूम'ने ह्या प्रकाराचा पाया घातला, १९९६ च्या 'क्वेक'ने त्यास रूप दिले. १९९९ च्या नोव्हेंबरात 'अनरियल टूर्नामेंट' व डिसेंबरात 'क्वेक ३ अरीना' हे खेळ निघाले, तो त्याचा मध्यान्ह होय. पुढील दहा वर्षांत हा प्रकार मागे पडला. लोकांची रुचि बदलली, असे कारण सामान्यतः दिले जाते. परंतु हे ऱ्हासाचेच वर्णन झाले; ते त्याचे कारण नव्हे.

कारण शोधावयाचे तर खेळाच्या अंतरंगात शिरले पाहिजे. 'क्वेक ३'मध्ये धावण्याचा मूळ वेग सेकंदास ३२० एकके ठरविलेला आहे. तथापि वेगवृद्धीच्या गणितात बंधन घातले आहे ते एकूण वेगावर नव्हे, तर खेळाडू ज्या दिशेस जाऊ पाहतो त्या दिशेस पडणाऱ्या वेगाच्या अंशावर. म्हणून उड्या मारीत, तिरपे सरकत, दृष्टीचा कोन नेमका तितकाच वळवीत गेल्यास वेग वाढतच जातो. ही युक्ती निर्मात्यांनी योजिलेली नव्हती. जॉन कारमॅक ह्यांनी ती बंद करून पाहिली. पण त्यामुळे साध्या धावण्यातच व्यत्यय येऊ लागला, आणि तो दोष तसाच राहिला. २००५ साली ह्या खेळाची आज्ञावली खुली झाली असल्यामुळे हे गणित आज कोणासही वाचता येते. इतिहासाच्या अभ्यासकास इतके अस्सल साधन क्वचितच लाभते!

दोषातून कला निर्माण झाली, परंतु ती खेळात कोठेही शिकविलेली नव्हती. द्वंद्वात तांबडे कवच उचलल्यावर २५ सेकंदांनी व 'मेगा हेल्थ' ३५ सेकंदांनी पुन्हा येते; मुरलेला खेळाडू लढता लढता ही दोन्ही घड्याळे मनात चालवितो. नवख्यास आपण का मरतो हेच कळत नाही. खेळणारे पुष्कळ होते तोवर त्यास आपल्याच तोलाचे प्रतिस्पर्धी मिळत. संख्या घटू लागताच त्याची गाठ जाणत्यांशीच पडू लागली, तो निघून गेला, आणि संख्या आणखी घटली.

ह्याच काळात 'हाफ-लाइफ' ह्या खेळात फेरफार करून हौशी मंडळींनी 'काउंटर-स्ट्राइक' रचला. त्याचे पहिले रूप १९९९ साली आले. त्यात मेलेल्यास डाव संपेपर्यंत स्वस्थ बसून इतरांचा खेळ पाहावा लागतो. ही सक्तीची विश्रांती कंटाळवाणी म्हणून हिणविली गेली. माझ्या मते तीच त्या खेळाची पाठशाळा होती. शिवाय डोक्यात बसलेली एकच गोळी कसलेल्यासही लोळविते, आणि पराभवाचे खापर पाच जणांत वाटून घेता येते. 'हेलो'सारख्या (२००१) कन्सोलवरील संथ खेळांनी वेगवान प्रकारास मारले, हे मत म्हणूनच अपुरे वाटते. 'काउंटर-स्ट्राइक' तर संगणकावरच बहरला.

पैशानेही हा प्रवाह वळला नाही. २००५ साली 'पेनकिलर' ह्या वेगवान खेळाच्या जागतिक स्पर्धामालिकेत दहा लक्ष डॉलरांची बक्षिसे होती, तरी त्या खेळाची परंपरा उभी राहिली नाही. निर्मात्यांस रोग ठाऊक नव्हता असेही नव्हे: 'क्वेक लाइव्ह' (२०१०) नवख्याशी आधी एक चाचणी सामना खेळवून त्याचे बळ जोखीत असे. परंतु जोखून ज्यांच्यासमोर उभे करावयाचे, ते समबल खेळाडूच विरळ झाले होते. 'लॉब्रेकर्स' २०१७ च्या ऑगस्टात आला व २०१८ च्या सप्टेंबरात बंद पडला. एपिक ह्या संस्थेने २०१४ साली आरंभिलेला नवा 'अनरियल टूर्नामेंट' 'फोर्टनाइट'च्या यशानंतर अपुराच सोडला, आणि २०२३ च्या जानेवारीत आपल्या जुन्या 'अनरियल' खेळांच्या जालावरील सेवाही थांबविल्या.