'वाइल्ड आयडिया' आणि कावेरीचे पाणी

पापनाशमजवळ तिरुप्पालत्तुरैच्या शिवमंदिराच्या आवारात एक प्रचंड जुने धान्यकोठार उभे आहे. ते नायक राजांच्या काळातले, म्हणजे सतराव्या शतकातले. कलम हे तिकडचे माप. अशी सुमारे 3,000 कलमे भात त्यात मावे. एवढे भात पिकत असे ते कावेरीच्या पाण्यावर. आणि हे पाणी एकदा हातचे जाऊ पाहत होते, ती ही हकीकत.

सरकारी चाकरीत 'वाइल्ड आयडिया' हा इंग्रजी शब्दप्रयोग माझ्या कानी पुष्कळदा पडतो. कोणी योजना मांडावी आणि ती वाचण्याचे श्रम नको असावेत, की हे दोन शब्द पुरतात. आपण मराठीत 'खूळ' म्हणतो खरे, पण त्यात थोडी माया असते.

1799 च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनीकडे गेला. सरफोजीराजांच्या हाती किल्ला तेवढा उरला. त्यापुढे पाण्याची काळजीही कंपनीचीच झाली. श्रीरंगमच्या वरच्या अंगाला कावेरी दुभंगते. तिची कोळ्ळिडम ही शाखा सखल. ती पाणी ओढून नेई आणि मूळ पात्र गाळाने भरत चालले होते. आर्थर कॉटन या तरुण इंजिनियराने कोळ्ळिडमवर दोन बंधारे घातले. 1836 मध्ये ते उभे राहिले. खाली खडक नाही, नुसती खोल वाळू. वाळूवर पाया घालणे हेच मुळी खूळ वाटावे! परंतु थोड्याच अंतरावर, करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै शतकानुशतके तसाच उभा होता. वाळूतला पाया आपण या जुन्या बांधकाऱ्यांपासून शिकलो, हे कॉटनने पुढे मोकळेपणाने मान्य केले. त्याच विद्येवर त्याने 1847 ते 1852 या काळात गोदावरी अडविली.

हाच कॉटन पुढे हिंदुस्थानभर नद्या कालव्यांनी जोडा म्हणू लागला, तेव्हा स्वप्नाळू ठरला. 1878 साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. त्याची योजना मात्र कोणी उचलली नाही. रेल्वेची योग्यता त्याने कमी लेखली, हा त्याचा दोष मलाही मान्य आहे. पण वाळूवरचे बंधारे ज्याने उभे करून दाखविले, त्याचा हिशेब निदान नीट तपासायला हवा होता.

2018 च्या ऑगस्टमधील पुरात कोळ्ळिडमवरच्या त्या वरच्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. खालचा कल्लणै मात्र जागचा हलला नाही.