आंजात : दायाकांची वेताची पाठपिशवी

बोर्निओ बेटाच्या अंतर्भागात राहणारे दायाक लोक पाठीवर ओझे वाहण्यासाठी वेताची जी उभट, नळकांड्यासारखी पिशवी वापरतात, तिला ‘आंजात’ असे म्हणतात. काही समूहांत हेच नाव ‘अजात’ असे उच्चारले जाते. दोन्ही खांद्यांवर अडकवण्याचे पट्टे आणि तोंड आवळून घेण्यासाठी ओवलेली दोरी एवढीच तिची रचना असते. शेतावर किंवा जंगलात जाताना लागणारे सामान आणि शिदोरी तीतून नेतात. आज ही पिशवी इंडोनेशियातील शहरांतल्या हस्तकलेच्या दुकानांत आणि परदेशी ग्राहकांच्या खांद्यांवरही दिसते. तिचे मोल जाणून घ्यायचे तर विणीइतकेच वेताकडे आणि तो वेत उगवणाऱ्या जमिनीकडेही पाहावे लागते.

बोर्निओ हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. त्याचा बहुतेक भाग इंडोनेशियात असून त्याला कालिमंतान म्हणतात. उत्तरेकडील सारावाक आणि साबा ही राज्ये मलेशियात आहेत, तर ब्रुनेई हा स्वतंत्र देश आहे. ‘दायाक’ हे एका जमातीचे नाव नसून नद्यांच्या वरच्या अंगाला आणि डोंगराळ भागात राहणाऱ्या अनेक मूळनिवासी समूहांचे सामूहिक नाव आहे. केन्याह, कायान, बाहाऊ, बेनुआक, इबान, न्गाजू हे त्यांपैकी काही. त्यांच्या भाषा, घरांच्या रीती आणि विणकामाचे आकार वेगवेगळे आहेत. आंजात ही मुख्यतः पूर्व कालिमंतानातील महाकाम नदीच्या खोऱ्याशी आणि त्यालगतच्या डोंगराळ प्रदेशाशी जोडलेली आहे.

वेत आणि त्याची तयारी

वेताला मलय भाषेत ‘रोतान’ म्हणतात. आपल्या बाजारात ‘केन’ या नावाने जे फर्निचर विकले जाते, ते याच वनस्पतीचे. वेत दिसतो बांबूसारखा, पण तो गवताच्या कुळातला नाही. तो माडा-पोफळीच्या कुळातला वेल आहे. बांबू पोकळ असतो, वेत मात्र आतून भरीव असतो. त्याच्या सुमारे ६०० जाती ज्ञात असून काहींची लांबी १०० मीटरच्या पुढे जाते. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांतही वेताच्या काही जाती आढळतात. पिशव्यांसाठी बोर्निओत ‘सेगा’ ही बारीक, चिवट आणि चकचकीत सालीची जात विशेष पसंत केली जाते.

वेलाला आकड्यांसारखे काटे असतात आणि त्यांच्या आधाराने तो झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतो. म्हणून वेत तोडणे म्हणजे बुंध्याशी घाव घालून सगळा वेल वरून खाली ओढून काढणे. यात वाळक्या फांद्या अंगावर कोसळण्याचा धोका असतो. काटेरी आवरण सोलल्यावर वेत धुऊन उन्हात वाळवतात, उभा चिरतात आणि आतला गाभा तासून टाकतात. उरलेल्या सालीच्या पट्ट्या सुरीच्या धारेवरून ओढून सारख्या जाडीच्या व रुंदीच्या केल्या जातात. पिशवीचा पोत या तासणीवर ठरतो. पट्ट्या असमान राहिल्या तर निष्णात हातांनाही वीण घट्ट बसवता येत नाही.

काळा रंग पारंपरिक पद्धतीने द्यायचा असेल तर पट्ट्या विशिष्ट झाडपाल्यात उकळून लोहयुक्त चिखलात पुरून ठेवतात. तांबड्या रंगासाठी वेताच्याच काही जातींच्या फळांवरील राळ वापरण्याची रीत आहे. अलीकडे बाजारातील तयार रंगही सर्रास वापरले जातात. वीण हातानेच होते, तिला माग लागत नाही. काळ्या आणि नैसर्गिक पिवळसर पट्ट्या तिरक्या दिशांनी एकमेकींखालून-वरून घेत तळापासून तोंडापर्यंत विणत नेतात. नक्षी वरून काढलेली नसते, विणीतच उमटते. किती पट्ट्या सोडायच्या आणि कोणती उचलायची हे गणित विणणाऱ्याच्या स्मरणात असते. ते आईकडून मुलीकडे, जाणत्याकडून शिकाऊकडे पाहून-करूनच पोहोचते.

भातशेत आणि वेतबाग

हा सगळा वेत रानात आपोआप उगवलेला असतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात महाकाम खोऱ्यातील बेनुआकसारखे समूह पिढ्यान्‌पिढ्या वेत लावत आले आहेत. त्यांची शेती फिरती असते; गोवा आणि उत्तर कन्नडच्या डोंगरांत पूर्वी होत असलेल्या कुमेरी शेतीशी तिचे साम्य आहे. जंगलाचा तुकडा साफ करून भात घेतात आणि भाताबरोबरच वेताची रोपे लावतात. एकदोन वर्षांनी जमीन पडीक सोडली की झाडे वाढतात आणि त्यांच्या आधाराने वेत चढतो. आठ-दहा वर्षांत पहिली तोड मिळते. सेगा पुन्हा पुन्हा फुटत असल्याने नंतरही काही वर्षांच्या अंतराने वेत काढता येतो. पैशाची गरज पडेल तेव्हा तोडायचा, नाहीतर उभा ठेवायचा, अशी ही कुटुंबाची ठेवच असते. परक्याच्या नजरेला मात्र ती जमीन ‘पडीक’ दिसते.

१९९७-९८च्या वणव्यांत पूर्व कालिमंतानातील सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्र होरपळले आणि त्यात अनेक वेतबागा जळाल्या. पुढे पामतेलाचे मळे आणि कोळशाच्या खाणी त्याच जमिनींवर सरकत आल्या. त्यातच सरकारी धोरणाची भर पडली. जावा बेटावरील, विशेषतः चिरेबोन परिसरातील फर्निचर उद्योगाला कच्चा माल मुबलक मिळावा म्हणून इंडोनेशियाने १९७९ पासून वेताच्या निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध घातले, १९९८च्या आर्थिक संकटात ते सैल केले आणि २०१२च्या आरंभापासून कच्च्या वेताची निर्यात पुन्हा बंद केली. ग्राहक उरला देशातलाच. साहजिकच वेत लावणाऱ्याच्या हाती पडणारा भाव खालावला. भाव नसला की बाग मोडून तिथे रबर किंवा तेलपाम लावणे कुटुंबाला परवडू लागते.

जमिनीच्या हक्काबाबत १६ मे २०१३ रोजी इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. परंपरेने समाजाच्या ताब्यात असलेले वन हे सरकारी वन मानता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र प्रत्येक समूहाला आधी स्थानिक शासनाची मान्यता मिळवावी लागत असल्याने निकालाची अंमलबजावणी संथ आहे.

ग्राहकाने ओळखावे ते

‘रॅटन बॅग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बालीच्या गोल पिशव्या बहुधा वेताच्या नसतात. त्या ‘आता’ नावाच्या नेच्याच्या वेलापासून विणतात. ती कलाही अस्सल आहे, पण दायाकांची नव्हे. दुसरीकडे, सारावाकमधील पनान समाजाच्या स्त्रिया आता प्लास्टिकच्या पट्ट्यांच्याही पिशव्या विणतात. जंगल दूर गेले आणि वेत दुर्मीळ झाला तरी हातातली वीण टिकली, एवढाच त्याचा अर्थ.

वेताची पिशवी दमट जागी ठेवल्यास तिला बुरशी येते. कोरडी व हवेशीर ठेवल्यास ती अनेक वर्षे टिकते. ती घेताना वेत कुठला, विणणारा समूह कोणता आणि मोलातला किती वाटा त्यांच्याकडे जातो, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. वेतबागेतून घर चालते तोवरच ती बाग राखली जाते, आणि बाग राहिली तरच पुढच्या पिढीला विणायला वेत मिळेल.