नर्सबाईची इयत्ता

खेड्यातल्या 'नर्सबाई'चा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, इतिहास तपासताना मला सर्वांत बोलकी वाटली ती तिच्या शाळेची अट. भोर समितीने १९४६ साली नोंदवले होते की देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे. म्हणून १९५१च्या सुमारास हा अभ्यासक्रम निघाला तेव्हा सातवी-आठवी झालेली मुलगीही चालत असे. मॅट्रिकचा हट्ट धरला असता तर खेड्यातून मुली मिळाल्याच नसत्या. शिक्षण मात्र पुरे दोन वर्षांचे, आणि भर बाळंतपणावर.

पुढे कर्तारसिंग समितीने १९७३ साली तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरवले. लसी, हिवताप, कुटुंबनियोजन (आणि त्याची उद्दिष्टे!) तिच्याच माथी आली. १९७७मध्ये अट दहावीवर गेली, प्रशिक्षण मात्र दीड वर्षावर आले. शिकलेली मुलगी लवकर शिकेल, हा हिशेब मला पटत नाही. बाळ आडवे आहे की पायाळू, हे दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी पोटावर हात ठेवूनच शिकावे लागते, आणि नेमका तोच वेळ कापला गेला.

आज अट बारावीची आहे, शाखा कोणतीही चालते. अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे.